फळ्यावरचे नाव आणि ‘फळा’ हे नाव

गुरुजी शिपाईमामांना सांगतात, “फळ्यावर ज्याचे नाव लिहिले आहे, त्याला बोलावून आणा.” फळ्यावर ‘सुरेश’ असे लिहिलेले आहे. मामा सुरेशला घेऊन येतात. पण समजा, मामा मैदानावर जाऊन “फळा! अरे फळा!” अशी हाक मारीत फिरू लागले, तर? ओ देणारा कोणीच नाही. माणसाच्या हातून अशी गफलत सहसा होत नाही. संगणकाकडून मात्र नेमकी हीच होते, आणि रिकाम्या हाती परत आल्यावर तो त्याविषयी चकार शब्द काढत नाही.

संख्याशास्त्राच्या कामासाठी ‘आर’ नावाची एक संगणकभाषा जगभर वापरली जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली ‘एस’ या भाषेचा जन्म झाला. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर तयार केली. १९९५ पासून ती सर्वांना मोफत खुली आहे. म्हणून शाळेच्या संगणकावरही तुम्हांला ती सहज वापरता येईल. (आज्ञा यंत्रावर रोमन लिपीत टंकायच्या, येथे त्या उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत.)

आरसोबतच सरावासाठी ‘कार्स’ नावाचा एक तक्ता मिळतो. त्यात १९२०च्या दशकातील ५० नोंदी आहेत. ‘स्पीड’ या रकान्यात मोटारीचा ताशी मैलांतील वेग आहे, आणि ‘डिस्ट’ या रकान्यात ती थांबेपर्यंत गेलेले अंतर फुटांत आहे. रकाना हवा असेल तर तक्त्याच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह देऊन रकान्याचे नाव लिहावे: कार्स$डिस्ट. त्याची बेरीज मागा:

सम(कार्स$डिस्ट)

उत्तर २१४९. ५० ने भागले की सरासरी ४२.९८ फूट.

आता आपल्याला प्रत्येक रकान्यावर आळीपाळीने हेच गणित करायचे आहे. रकाने दोनच असले तर हाताने लिहिता येईल. पण शंभर असले तर? मग रकान्याचे नावच एका चलात ठेवावे लागते. त्या चलाला आपण फळाच म्हणू:

फळा <- "डिस्ट"
सम(कार्स$फळा)

उत्तर येते ० ! म्हणजे सरासरी अंतर शून्य फूट. ब्रेक दाबताच पन्नासही मोटारी जागच्या जागी थांबल्या. भौतिकशास्त्राला हे मान्य होणे शक्य नाही. घडले ते असे: डॉलरचे चिन्ह आपल्यापुढील शब्द अक्षरशः घेते. त्याने ‘फळा’ नावाचा रकाना शोधला, तो नव्हता, म्हणून ‘काही नाही’ अशा अर्थाची ‘नल’ ही खूण परत केली. काही नसलेल्याची बेरीज शून्य. लाल अक्षरांत इशारा नाही की तक्रार नाही. येथे चूक लगेच डोळ्यांत भरली. पण हे शून्य एखाद्या मोठ्या गणितात मिसळून गेले असते, तर ते सापडणे कठीण होते.

यावर उपाय दुहेरी चौकटी कंसाचा:

सम(कार्स[[फळा]])

हा कंस आधी फळ्यावर काय लिहिले आहे ते वाचतो, मग त्या नावाचा रकाना आणतो. उत्तर पुन्हा २१४९. येथे फळा या शब्दाला अवतरणचिन्हे नाहीत, हे ध्यानात घ्या. ती दिलीत, तर हा कंसही ‘फळा’ नावाच्याच रकान्याच्या शोधात निघेल.

डॉलरची आणखी एक खोड आहे. अर्धवट नावावरही तो ओळख पटवतो. कार्स$डी लिहिले (रोमन लिपीत नुसते पहिले अक्षर), तरी तो डिस्ट रकाना हजर करतो. सोय वाटते खरी, पण उद्या त्याच अक्षराने सुरू होणारा दुसरा रकाना तक्त्यात आला, की दोघांपैकी कोणता ते ठरत नाही आणि पुन्हा नल हाती येते. चौकटी कंस पूर्ण नावाचाच आग्रह धरतो. मला हा कडकपणा अधिक पसंत आहे.

नावावरून वस्तू आणणारी ‘गेट’ नावाची आज्ञाही आरमध्ये आहे. मुले ती हौसेने वापरतात. पण गेट(फळा) असे लिहून पाहा. रकान्याऐवजी भलतेच काही पडद्यावर येते, कारण गेट तक्त्याच्या आत पाहतच नाही. ती आधी आपण स्वतः केलेली चले धुंडाळते, मग आरच्या एकेका भांडारात डोकावते. तेथे तिला ‘डिस्ट’ नावाची, बिंदूंमधील अंतरे काढणारी एक तयार आज्ञा सापडते. तीच ती आणून देते. नाव बरोबर, माणूस दुसरा. म्हणून अ, ब, क या तुकड्यांच्या गुणांची वेगवेगळी चले करून ती गेटने गोळा करण्यापेक्षा, सर्व एकाच यादीत नावानिशी ठेवावीत आणि चौकटी कंसाने काढावीत.

करून पाहण्यासारखे: फळा <- "स्पीड" असे बदला आणि बाकी आज्ञा जशीच्या तशी ठेवून दुहेरी कंसाने बेरीज काढा. वेगांच्या बेरजेला भौतिकशास्त्रात तसा अर्थ नाही, पण पडताळ्यासाठी सांगतो: ती ७७० आली पाहिजे.