विहिरीची नोंदवही

मुलांनो, वसई स्टेशनच्या पूर्वेला गोखिवरे नावाचे गाव आहे. तेथून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. या गावाच्या भोयदापाडा भागात आपल्या शहराची कचराभूमी आहे. लोक तिला नुसते 'डम्पिंग' म्हणतात. 2009 साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. या मोठ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे येथे आणून टाकला गेला. केळीची साले, माशांची खवले, घड्याळाचे जुने सेल, औषधांच्या बाटल्या, सारे एका ढिगात.

आता पाऊस आला की काय होते? घरी चहा गाळताना तुम्ही पाहिले असेल. गाळणीतल्या चोथ्यावर स्वच्छ पाणी ओतले, तरी खाली पडते ते तांबूसच. कचऱ्यातून झिरपणारे पाणीही तसेच काळपट होते. त्यात क्षार, अमोनिया, कधी धातूंचे अंश उतरतात. या पाण्याला 'लीचेट' असे नाव आहे. नव्या पद्धतीच्या कचराभूमीत तळाशी चिकणमाती आणि जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालून ते अडवतात. अस्तर नसेल तर ते जमिनीत मुरते.

वसईच्या पूर्व भागात मातीखाली काळा पाषाण आहे. त्यातील पाणी भेगांमधून वाहते. भेग कोठून कोठे जाते ते वरून कळत नाही. म्हणून एक विहीर बिघडते आणि शेजारची चांगली राहते, असेही घडते. 'शेजाऱ्याचे पाणी चांगले आहे, मग आपलेही असेल,' हे म्हणणे येथे चालत नाही.

सूर्या धरण, उसगाव आणि पेल्हार येथून शहराला नळाचे पाणी मिळते. पण जेथे नळ पुरत नाही, तेथील चाळींत विहीर, बोअर किंवा टँकर यांवरच दिवस काढावे लागतात. त्या घरांतील तान्ह्या मुलालाही तेच पाणी दिले जाते.

वुजूच्या पाण्याविषयी तुम्ही शिकला आहात. नजासत पडून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर ते पाणी पाक राहत नाही. ही पारख उत्तम आहे. पण पिण्याच्या पाण्याला एवढी पारख पुरत नाही. नायट्रेटला रंग नाही आणि वासही नाही. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात ते 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त झाले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि त्याचे अंग निळसर पडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट, पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते!

म्हणून पाणी मोजावे लागते. मोजणाराही जपून काम करतो. बोअर असेल तर आधी पंप काही वेळ चालवून नळीतले जुने पाणी काढून टाकतो. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळतो. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली घेतात. ती विसळत नाहीत आणि बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवतात. बाटलीवर विहिरीचे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहितात. हे लिहायचे राहिले तर सगळी मेहनत फुकट जाते.

एका बाटलीने मात्र काहीच सिद्ध होत नाही. भूजल बहुधा जमिनीच्या उताराने सरकते. म्हणून कचराभूमीच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी निवडतात. वरची विहीर साक्षीदारासारखी असते. केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या नियमांत तर असे सांगितले होते, की कचराभूमी सुरू होण्याआधीच तेथील भूजलाची नोंद करून ठेवावी. पुढे सीमेपासून 50 मीटरच्या आतील भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासावे. तीन ऋतू का? पावसाळ्यात लीचेट जास्त मुरते, पण भरपूर पाण्यात ते विरळही होते. उन्हाळ्यात विहीर खाली जाते आणि तेच क्षार दाट होतात.

वसईत आणखी एक अडचण आहे, बरे का! पाण्यात क्लोराइड वाढले, तर दोष लगेच कचऱ्याला देता येत नाही. पश्चिमेकडच्या वाड्यांत फार उपसा झाला, की समुद्राचे खारे पाणी आत सरकते आणि गोड विहीर मचूळ होते. मग चोर कोण, समुद्र की कचरा? येथे अमोनिया उपयोगी पडतो. समुद्राच्या पाण्यात तो फारच थोडा असतो, लीचेटमध्ये भरपूर. क्लोराइड आणि अमोनिया दोन्ही वाढले, तर संशय कचऱ्याकडे जातो. चाळीच्या शोषखड्ड्यातूनही हे दोन्ही येऊ शकतात, म्हणून तपासनीस विहिरीजवळ शोषखड्डा आहे का, हेही वहीत लिहून ठेवतो. मग तो वरच्या अंगाच्या विहिरीचे पान उघडतो आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहतो.