कॅश म्हणजे रोख पैसे नव्हेत! वेबसाइट झटपट कशी उघडते?



आधी एक छोटा प्रयोग करा. तुमच्या फोनवर आजवर कधीच न उघडलेली एखादी वेबसाइट उघडा आणि मनातल्या मनात आकडे मोजा. मग ती बंद करून लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी ती बहुतेक लवकर येते. फोन तोच, नेट तेच, वेबसाइटही तीच. मग मधल्या मधे काय बदललं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा आपला पाठ : वेब कॅशिंग.

शब्दाची ओळख

वर्गात 'कॅश' म्हटलं की मुलं हमखास म्हणतात, "सर, रोख पैसे!" उच्चार सारखाच, पण हा शब्द वेगळा. तो फ्रेंच भाषेतल्या 'लपवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. पुढे लागेल म्हणून हाताशी ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ आपण घेऊ. एकदा आणलेली माहिती जवळ साठवायची आणि पुन्हा मागणी आली की लांब न जाता त्या साठ्यातूनच द्यायची, याला कॅशिंग म्हणतात.

हे तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे

फोडणीला हळद हवी. आपण काय करतो? ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडतो. त्यातली संपली तर फडताळातली बरणी काढतो. बरणीही रिकामी असेल तर गल्लीतल्या किराणा दुकानात जातो. आणि दुकानदार त्याचा माल घाऊक बाजारातून आणतो. प्रत्येक चिमूटभर हळदीसाठी कोणी घाऊक बाजार गाठला, तर त्या घरात जेवण कधी व्हायचं?

इंटरनेटवरही अगदी अशीच उतरंड असते.

१. ब्राउझरचा साठा : हा तुमच्याच फोनमध्ये किंवा संगणकात असतो. म्हणजे मिसळणाचा डबा.
२. जवळचा सर्व्हर : मोठ्या वेबसाइट आपल्या पानांच्या प्रती अनेक शहरांत ठेवतात. या जाळ्याला सीडीएन म्हणतात. हे झालं गल्लीतलं दुकान.
३. मूळ सर्व्हर : जिथे माहिती तयार होते आणि बदलते. हा घाऊक बाजार.

मुळात वेळ का लागतो? थोडं गणित करू

"नेट तर प्रकाशाच्या वेगाने चालतं ना?" असं मुलं विचारतात. चांगला प्रश्न आहे. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन २५,००० किलोमीटर, म्हणजे कमीत कमी १२५ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच.

आणि एका फेरीत काम होत नाही. आधी जोडणी करायची, मग ती सुरक्षित करायची, मग पान मागायचं. नव्या जोडणीला अशा साधारण तीन फेऱ्या धरा. १२५ × ३ = ३७५ मिलिसेकंद, आणि तेव्हा कुठे पानाची पहिली ओळ येते! हेच पान नागपूरच्या मुलाला मुंबईतल्या साठ्यातून मिळालं तर? अंतर सुमारे ७०० किलोमीटर, एक फेरी ७ मिलिसेकंद, तीन फेऱ्या २१ मिलिसेकंद. आणि फोनमध्येच प्रत असली तर फेरीच नको.

इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. प्रकाशाचा वेग कोणालाच वाढवता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी अंतर कमी केलं.

कोणत्या साठ्यात काय ठेवायचं, हे ठरवायलाही गणितच लागलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांचा गट यावर काम करत होता. त्यातून १९९८ साली अकामाई ही कंपनी उभी राहिली. "गणित कुठे उपयोगाला येतं?" असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

शिळं झालं हे कसं ओळखायचं?

साठा म्हटला की शिळेपणा आलाच. दूध एका दिवसाचं, हळद वर्षभराची. सगळ्यांना एकच नियम लावून चालत नाही. वेबवरही प्रत्येक गोष्टीसोबत सर्व्हर एक सूचना पाठवतो. १९९७ साली आलेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीपासून यासाठी 'कॅश-कंट्रोल' नावाची ओळ वापरली जाते. तिच्यातल्या मुख्य सूचना अशा :

- मॅक्स-एज : इतके सेकंद ही प्रत ताजी समजा. ३६०० लिहिलं तर एक तास, ८६४०० लिहिलं तर एक दिवस.
- नो-कॅश : नावावरून फसू नका! याचा अर्थ 'साठवू नका' असा नाही. साठवा, पण वापरण्याआधी दर वेळी विचारा.
- नो-स्टोअर : अजिबात साठवू नका.
- प्रायव्हेट : फक्त त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये ठेवा, सगळ्यांच्या सामायिक साठ्यात ठेवू नका.

मुदत संपली म्हणजे प्रत टाकूनच द्यायची असं नाही. प्रत्येक प्रतीवर 'ईटॅग' नावाचा एक शिक्का असू शकतो. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, "माझ्याकडे या शिक्क्याची प्रत आहे. बदललंय का काही?" बदललं नसेल तर सर्व्हर फक्त '३०४' हा आकडा कळवतो. म्हणजे काहीच बदललेलं नाही, तीच प्रत चालू दे. फेरी एक झाली, पण पूर्ण पान पुन्हा आणावं लागलं नाही. डेटा वाचला.

किती वाचतो? समजा एक पान २ एमबीचं आहे. त्यातले १.८ एमबी म्हणजे चित्रं, अक्षरांचे साचे, लोगो. हे बदलत नाही. महिन्यात ते २० वेळा उघडलं, तर साठ्याशिवाय ४० एमबी लागतील. साठा असेल तर पहिल्यांदा २ आणि पुढच्या १९ वेळा ०.२ या हिशोबाने ३.८, एकूण ५.८ एमबी. घरात एकच फोन आणि रोजचा डेटा मोजून असलेल्या मुलासाठी हा फरक छोटा नाही.

निकालाच्या दिवशी काय होतं?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुलं एकाच वेळी एकाच पानावर येतात. त्या पानावरचा लोगो, रंग, बैठक क्रमांक भरायची चौकट सगळ्यांना सारखीच असते. ती जवळच्या साठ्यातून देता येते. प्रत्येकाचे गुण मात्र वेगळे, ते शोधावेच लागतात. सारखं ते साठ्यावर सोपवलं, की मुख्य सर्व्हरला वेगळं तेवढंच काम उरतं. कॅशिंगचा फायदा फक्त एका माणसाला नसतो. आपली मागणी वाटेतच भागली, की दुसऱ्यासाठी जागा मोकळी होते.

आणि नियम चुकला तर?

२५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या व्हिडिओ गेम विकणाऱ्या वेबसाइटवर काही लोकांना भलत्याच माणसाच्या खात्याची पानं दिसली. त्यांतल्या काही पानांवर पत्ता, ईमेल, खरेदीची यादी होती. कोणी पासवर्ड चोरला नव्हता. वाढलेली गर्दी सांभाळताना साठ्याच्या नियमांत चूक झाली आणि एकाचं खासगी पान सामायिक साठ्यातून दुसऱ्याला गेलं. कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ३४ हजार लोकांची पानं यात सापडली. 'प्रायव्हेट' आणि 'नो-स्टोअर' हे शब्द किती महत्त्वाचे, ते यावरून कळतं. काय साठवायचं इतकंच काय साठवायचं नाही, हेही ठरवावं लागतं.

पालकांसाठी तीन गोष्टी

- "कॅश रोज साफ केली की फोन फास्ट होतो" हा गैरसमज आहे. साफ केल्यावर सगळं पुन्हा डाउनलोड होतं. वेळही जातो, डेटाही. फोनमधली जागा संपली असेल किंवा पान जुनंच दिसत असेल, तेव्हाच साफ करा.
- वेळापत्रक किंवा सूचना जुनी वाटली तर संगणकावर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. ब्राउझर आपला साठा बाजूला ठेवून पान नव्याने मागवतो.
- सायबर कॅफेत किंवा शाळेच्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करा आणि शक्यतो खासगी विंडो वापरा. आपल्या खुणा दुसऱ्याच्या संगणकात राहू देऊ नका.

वर्गात घ्यायचा उपक्रम (इयत्ता ६ वी ते ९ वी)

संगणक नसला तरी चालेल. मैदानाच्या टोकाला एका मुलाला 'सर्व्हर' करा, त्याच्या हातात ५ कार्डं द्या. वर्गातून त्या कार्डांवरचे १० प्रश्न विचारा. प्रत्येक कार्डावर निदान एक प्रश्न येऊ द्या.

*पहिली फेरी* : प्रत्येक प्रश्नासाठी एकाने पळत जाऊन उत्तर आणायचं. १० चकरा.
*दुसरी फेरी* : दारात 'साठा' म्हणून एक मुलगी बसवा. आलेलं उत्तर ती वहीत लिहून ठेवेल. आता चकरा किती? फक्त ५.
*तिसरी फेरी* : गुपचूप सर्व्हरच्या कार्डावरचं 'उद्या शाळा ८ वाजता' बदलून '९ वाजता' करा. दारातली मुलगी जुनंच उत्तर देईल. तिची चूक आहे का? मुलांना वाद घालू द्या. बघा, मुदत लिहायची, शिक्का मारायचा, विचारून घ्यायचं, हे उपाय ती स्वतःच सुचवतील.

संगणक असेल तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' हा भाग उघडा आणि एखादं पान दोनदा उघडा. कोणती फाइल साठ्यातून आली, ते समोर लिहिलेलं दिसेल.

शेवटी विचारायचे प्रश्न

१. शाळेचा लोगो आणि आजची हजेरी, यातलं काय जास्त दिवस साठवता येईल? का?
२. बँकेतल्या शिलकीचं पान सामायिक साठ्यात का ठेवू नये?
३. '३०४' उत्तर आल्यावर नक्की काय वाचतं आणि काय वाचत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी "डेटा वाचतो, फेरी वाचत नाही" असं दिलं, की समजा पाठ पोहोचला.