गॅसच्या नळाला लागणारा जिवाणूंचा गंज



पाण्याने लोखंड गंजते हे आपण जाणतोच. पण हवेशिवाय जगणारे जिवाणूही पोलाद पोखरतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबादजवळ १९ ऑगस्ट २००० रोजी ३० इंची गॅसवाहिनी फुटली. नदीकाठी मुक्कामाला आलेली १२ माणसे दगावली. नळ आतून गंजला होता. ओल, क्षार, वायू आणि जिवाणू यांनी मिळून तो खाल्ला असावा, असे चौकशीत निघाले.

हा गंज ओळखावा कसा?

१) नळाच्या सखल भागात पाणी साचते. तेथला काळा, बुळबुळीत गाळ काढून खाली खड्डे पडलेत का ते पाहावे.

२) थोड्या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. वर धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला, तर सल्फाइड आहे.

३) ताजा नमुना, हवा लागू न देता, पोषक द्रवाच्या बाटल्यांत दरवेळी दसपट विरळ करीत सोडतात. कितव्या बाटलीपर्यंत काळे पडते, त्यावरून सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची संख्या कळते. त्यास २८ दिवसही लागतात.

मात्र नुसते जिवाणू सापडले म्हणून गंज त्यांचाच, असे नव्हे. तिन्ही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे.

आता साखर कारखान्यांतही प्रेसमडपासून गॅस होतो. त्या कच्च्या गॅसात ओल आणि हायड्रोजन सल्फाइड असतेच. हा वायू विषारी. जास्त झाला की नाकच बधिर होते. म्हणून वासावर विसंबू नका, मोजयंत्र वापरा आणि नळात पाणी साचू देऊ नका.