जागा किती, हे आधी मोजा

फिगर स्केटिंग करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना एक प्रश्न फार लवकर सतावू लागतो: आमच्या मुलीला आंतरराष्ट्रीय स्पर्धा कधी मिळणार? अमेरिका-कॅनडात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरीही तो आता नवा नाही. तिथे रिंक घराजवळ असते, मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी हौसेने बर्फावर उतरते, बाराव्या वर्षी ट्रिपल उड्या जमू लागतात आणि मग घरातले सगळे वेळापत्रक त्या एका प्रश्नाभोवती फिरू लागते. निवड झाली तर मुलीत गुण आहेत. झाली नाही तर काहीतरी कमी पडले, असा सरळ हिशोब पालक मांडतात. हा हिशोब चुकीचा आहे. गर्दीच्या देशात कनिष्ठ गटातली आंतरराष्ट्रीय निवड मुलाच्या गुणवत्तेइतकीच, काही वर्षी तर त्याहून जास्त, त्या देशाच्या वाट्याला आलेल्या जागांवर ठरते. म्हणून करिअरचा विचार करताना आधी जागा मोजाव्यात आणि मग मुलाची पातळी पाहावी.

कनिष्ठ गटाचा मुख्य मार्ग म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची, म्हणजे आयएसयूची, ज्युनिअर ग्रां प्री मालिका. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत साधारण सात शहरांत ती होते. 2024 च्या हंगामात ती रीगा, ऑस्ट्रावा, बँकॉक, अंकारा, ग्दान्स्क, ल्युब्लियाना आणि वूशी इथे झाली आणि अंतिम फेरी डिसेंबरात फ्रान्समधल्या ग्रनोब्लला. कोणत्या देशाला किती जागा, हे आधीच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेतल्या क्रमांकांवरून ठरते. सर्वोत्तम देशांनाही एका प्रकारात प्रत्येक शहरासाठी दोनच जागा मिळतात. यजमानाला थोडी सवलत असते. सात गुणिले दोन म्हणजे 14. पण अंतिम फेरीला फक्त सहा जण जातात, ते दोन स्पर्धांच्या गुणांवरून, आणि पहिल्या क्रमांकाला 15, दुसऱ्याला 13, तिसऱ्याला 11 अशा त्या गुणांमुळे दोन्ही स्पर्धा खेळल्याशिवाय तिथे पोचणे जवळजवळ अशक्य. साहजिकच ज्यांनी पहिल्या स्पर्धेत चांगली कामगिरी केली त्यांनाच राष्ट्रीय संघटना सहसा दुसरी जागा देते. म्हणजे त्या 14 जागांवर प्रत्यक्षात 14 मुली जात नाहीत. सात ते 14 यांच्या मध्ये कुठेतरी आकडा थांबतो, आणि मोठ्या देशात त्यासाठी झुरणाऱ्या, खरोखर तयारीच्या मुली त्याच्या कितीतरी पट असतात. जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तर एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा. त्या तीनही टिकवायच्या तर आदल्या वर्षी देशाच्या दोन सर्वोत्तम खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज 13 किंवा त्याहून कमी असावी लागते. म्हणजे तुमच्या मुलीची संधी काही अंशी आदल्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या मुलीने मारलेल्या उडीवर टांगलेली असते.

ही गर्दी अलीकडे वाढली, त्याचे कारण नियमात आहे. 2022 च्या जूनमध्ये फुकेत इथल्या अधिवेशनात आयएसयूने वरिष्ठ गटाचे किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेले. बीजिंग ऑलिंपिकमध्ये 15 वर्षांच्या कामिला वालियेव्हाच्या उत्तेजक प्रकरणाने जगभर गदारोळ झाला होता, त्यानंतरचा हा निर्णय. मुलांच्या शरीराच्या आणि मनाच्या दृष्टीने तो योग्यच होता असे मला वाटते. पण त्याचा एक परिणाम पालकांच्या फारसा लक्षात आलेला नाही. पूर्वी अव्वल मुली 15 पूर्ण होताच वरिष्ठ गटात निघून जात आणि खालची जागा रिकामी होई. आता त्या आणखी दोन वर्षे कनिष्ठ गटातच थांबतात. जपानची माओ शिमादा हे ठळक उदाहरण. 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षे ती कनिष्ठ विश्वविजेती झाली, आणि तरीही फेब्रुवारी 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकला वयाच्या नियमामुळे अपात्र ठरली, कारण 1 जुलै 2025 पूर्वी 17 पूर्ण व्हायला हवे होते आणि तिचा वाढदिवस ऑक्टोबरातला. तीन वर्षे एका जागेवर एकच नाव असेल तर तिच्या मागच्या मुलींचे काय झाले असेल, हे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, मार्च 2022 पासून रशियन खेळाडूंना बाहेर ठेवल्यामुळे पदकांच्या जागा मोकळ्या झाल्या आणि इतर देशांच्या मुलींचे क्रमांक आपोआप वर सरकले. या दोन्हींपैकी एकाही गोष्टीत कुठल्याही मुलीच्या कौशल्याचा हात नव्हता.

वयाचा आणखी एक पेच आहे. अमेरिकेत ज्युनिअर ही पातळी चाचण्या उत्तीर्ण होऊन मिळते. आयएसयूचा कनिष्ठ गट मात्र वयाने ठरतो: एकेरीत 1 जुलैपूर्वी 13 पूर्ण आणि 19 अपूर्ण. अलिसा लिऊने जानेवारी 2019 मध्ये 13 व्या वर्षी अमेरिकेचे वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, तेव्हा ती त्या हंगामात कनिष्ठ ग्रां प्रीसुद्धा खेळू शकत नव्हती, कारण आदल्या 1 जुलैला ती 12 वर्षांची होती. देशातली सर्वोत्तम, आणि कनिष्ठ ग्रां प्रीत एकही जागा नाही! पुढचे तर अधिक बोलके आहे. 2022 मध्ये, 16 व्या वर्षी, तिने खेळ सोडला. 2024 मध्ये परतली आणि मार्च 2025 मध्ये बॉस्टनला वरिष्ठ विश्वविजेती झाली. मधली दोन वर्षे तिच्या नावावर एकही स्पर्धा नव्हती.

यावर पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. लहान वयात बाहेरचा अनुभव मिळाला नाही तर मूल कायमचे मागे पडेल, पंचांना नाव माहीत व्हायला हवे, असे ते म्हणतात. यात अर्धे तथ्य आहे. जागतिक कनिष्ठ स्पर्धेला जायचे तर मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान तांत्रिक गुण मिळवलेले असावे लागतात. घरच्या स्पर्धेतले गुण त्यासाठी चालत नाहीत. म्हणून एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा खरोखर लागते. पण ती ग्रां प्रीच असायला हवी असे नाही. ओबर्स्टडॉर्फची बव्हेरियन ओपन, झाग्रेबची गोल्डन बेअर, लक्झेंबर्गचा कूप द्यू प्रँताँ, एशियन ओपन ट्रॉफी अशा अनेक स्पर्धांत कनिष्ठ गट असतो. प्रवेश तिथेही राष्ट्रीय संघटनेमार्फतच होतो, खर्च मात्र अनेकदा कुटुंबाला करावा लागतो. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: या स्पर्धेतून नेमके काय हवे आहे? किमान गुण हवे असतील तर जा. नवा फ्री स्केट दडपणाखाली तपासायचा असेल तर जा. सोशल मीडियावर टाकायला पासपोर्टचा शिक्का हवा असेल, तर तेच पैसे चांगल्या प्रशिक्षकाच्या तासांवर आणि फिजिओथेरपिस्टवर खर्च केलेले बरे. शिवाय संधीची खिडकी लहान नाही. 13 पासून 18 पर्यंत सहा हंगाम हाताशी असतात, आणि उंची वाढताना मुलींच्या उड्या बिघडतात तो काळ नेमका याच हंगामांत येतो. त्या काळात निवड न झाल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा, निवड टिकवण्यासाठी दुखऱ्या घोट्यावर मारलेल्या उड्यांनी होणारे नुकसान जास्त असते.

कनिष्ठ गटातले यश पुढची हमी देत नाही आणि अपयश दारही बंद करत नाही. डिआना स्टेलाटो-डुडेक 2000 साली एकेरीत कनिष्ठ जागतिक स्पर्धेत दुसरी आली आणि दुखापतींमुळे लवकरच खेळाबाहेर गेली. 2016 मध्ये ती परतली ती जोडी प्रकारात, आणि मार्च 2024 मध्ये माँट्रिऑलला मॅक्सिम डेशांबरोबर कॅनडासाठी विश्वविजेती ठरली. तेव्हा तिचे वय 40 होते. इतकी टोकाची उदाहरणे कुणी योजनेत धरू नयेत, हे मान्य. पण सोळाव्या वर्षी निवड यादीत नाव नाही म्हणून सगळे संपले, असे मानणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावीत.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. गर्दी इतकीच असेल तर देशच बदलावा, भारताकडून का खेळू नये? विचार गैर नाही. कमी गर्दीच्या देशाला जागतिक स्पर्धेत एक जागा असते आणि किमान गुण मिळवले की ती आपली. रशियात वाढलेली अनास्तासिया गुबानोव्हा जॉर्जियाकडून खेळून 2023 मध्ये युरोपीय विजेती झाली. मात्र एकदा एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली की जुन्या संघटनेची परवानगी आणि वर्षभराची प्रतीक्षा आलीच. भारताच्या बाबतीत आणखी मोठी अट आहे. केंद्र सरकारच्या धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय भारताकडून खेळता येत नाही, ओसीआय कार्ड चालत नाही, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसादने भारतीय नागरिकत्व घेतले, मग ती भारताची राष्ट्रीय विजेती आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू झाली. चौदा वर्षांच्या मुलीसाठी हा निर्णय आईवडिलांनी एका हंगामाच्या रागातून घेऊ नये. त्या पासपोर्टवर तिचे पुढचे शिक्षण आणि नोकरीही अवलंबून असते. आणि महाराष्ट्रात राहून हा मार्ग धरू पाहणाऱ्यांनी आधी बर्फ शोधावा. शिमल्याची नैसर्गिक रिंक थंडीपुरती, गुरुग्रामची मॉलमधली, आणि 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली डेहराडूनची मोठी रिंक बरीच वर्षे बंद राहून 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पुण्या-मुंबईत चाकांवरचे स्केटिंग जोरात आहे, त्यातला आर्टिस्टिक प्रकार उड्या-फिरक्यांच्या अंगाने जवळचाही आहे, पण तो वेगळा खेळ आहे.

निवडीत राजकारण असते, ही तक्रारही कानावर येते. निवड समितीला काही मोकळीक असते, हे खरेच. जानेवारी 2022 मध्ये इलिया मालिनिन अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला आणि तरी ऑलिंपिक संघात घेतला गेला नाही. समितीने आधीच्या हंगामांची कामगिरी अधिक महत्त्वाची मानली. त्यावर वाद झाला. मालिनिनने काय केले? एप्रिलमध्ये कनिष्ठ विश्वविजेतेपद जिंकले आणि सप्टेंबरात स्पर्धेत क्वाड अ‍ॅक्सल ही उडी यशस्वीपणे मारणारा पहिला खेळाडू ठरला. निवडीचे निकष आधी वाचून त्यात कोणत्या महिन्यातली कोणती स्पर्धा मोजली जाते हे प्रशिक्षकाबरोबर बसून पाहणे, एवढेच पालकांच्या हातात असते, आणि ते फार थोडे पालक करतात.

गर्दी सर्वत्र सारखी नाही, हेही विसरू नये. सगळ्यात दाटी मुलींच्या एकेरीत आहे. जोडी प्रकारात कनिष्ठ पातळीवर स्पर्धक इतके कमी की ग्रां प्रीच्या सगळ्या शहरांत तो प्रकार होतही नाही. आइस डान्समध्ये उड्यांपेक्षा धारदार पावले आणि संगीताची समज लागते. कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मुलींनी त्याचा गंभीरपणे विचार करावा. अडचण जोडीदाराची, विशेषतः मुलगे कमी असल्याने. पण ज्यांच्या घरी मुलगा स्केटिंग करतो, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. सोळा जणांच्या संघाचे सिंक्रोनाइज्ड स्केटिंग ऑलिंपिकमध्ये नाही, तरी त्याच्या कनिष्ठ जागतिक स्पर्धा होतात.

शेवटी महाविद्यालयाचा मुद्दा, कारण अनेक पालकांच्या मनात खरा हिशोब तोच असतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, खेळांच्या यादीत फिगर स्केटिंग नाही. पोहणे किंवा टेनिसमुळे मिळते तशी क्रीडा शिष्यवृत्तीची वाट इथे जवळपास नाही. ओहायोतल्या मायामी विद्यापीठाचा, फ्लोरिडाचा नव्हे, सिंक्रोनाइज्ड संघ हा अपवादांपैकी एक. म्हणून अभ्यास बाजूला सारून स्केटिंगवर प्रवेश मिळवण्याचा बेत पायाशिवाय आहे. अभ्यास आणि खेळ एकत्र चालू शकतात. नेथन चेनने 2018 मध्ये येल विद्यापीठात प्रवेश घेतला, मधे सुट्टी घेऊन 2022 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि 2024 मध्ये संख्याशास्त्र व डेटा सायन्सची पदवी घेतली. प्रत्येकाला ते जमणार नाही, पण दहावीनंतर शाळा ऑनलाइन करून दिवसाचे सहा तास रिंकवर घालवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला एकच विचारा: या वर्षी आपल्या देशाला या प्रकारात किती जागा आहेत, आणि त्यातल्या किती आधीच पदकविजेत्यांकडे आहेत? आकड्यात उत्तर मिळाले नाही, तर शाळा सोडवू नका.