घरासाठी वायफाय राउटर: खोक्यावरचा आकडा नव्हे, आपली गरज मोजा

इंटरनेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. 50 हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते, जीएसटीचे विवरणपत्र संगणकावरूनच भरावे लागते, सुरतेचा व अहमदाबादचा व्यापारी डिझाइनचे फोटो फोनवर मागतो, आणि मुलांचा अर्धा अभ्यास फोनवर होतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे खाली कारखाना किंवा गाळा आणि वर बिऱ्हाड, अशी घरे पुष्कळ आहेत. तेव्हा घरचे वायफाय तेच धंद्याचेही वायफाय होते. ते चांगले चालावे म्हणून आपले बंधू बाजारात जातात आणि दुकानदार जो डबा पुढे करील तो घेऊन येतात. कोणी गरज नसताना चार हजार घालवतो, तर कोणी आठशे वाचवून वर्षभर कुरकुर करतो. दोन्ही नुकसानच आहे.

कापड घेताना आपण ताक्यावरच्या लेबलावर भरवसा ठेवत नाही. सुताचा काउंट विचारतो, रीड-पिक मोजतो, पन्हा मापतो. राउटर घेतानाही हीच रीत ठेवावी. त्यासाठी काय काय मोजायचे ते या लेखात पाहू.

दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: घरात इंटरनेट कोणत्या मार्गाने येते? आज बहुतेक ठिकाणी फायबर आहे. फायबरची बारीक तार एका छोट्या डब्यात येते आणि पुष्कळ कंपन्यांच्या डब्यात वायफाय आधीच बसवलेले असते. आपल्या डब्यात ते असेल आणि घर दोन खोल्यांचे असेल तर नवा राउटर घेण्याची गरजच नाही. डबा योग्य जागी बसवला की काम भागते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे जुने कनेक्शन असेल तर मात्र मोडेम असलेला राउटर लागतो. हा फरक न विचारता घेतलेला राउटर घरी आणल्यावर जोडताच येत नाही. म्हणून ऑपरेटरला आधी विचारावे, आणि जोडणीसाठी युजरनेम व पासवर्ड लागत असेल तर तोही लिहून घ्यावा.

दुसरा प्रश्न: आपण किती वेगाचे पैसे भरतो? योजना 40 मेगाबिटची असेल तर हजार मेगाबिटचा राउटर घेऊन इंटरनेट 40 चेच राहील. नळाला पाणी जेवढे येते तेवढेच येणार, तोटी कितीही मोठी लावा. येथे आणखी एक गफलत होते. मेगाबिट आणि मेगाबाइट एक नव्हेत. 8 बिटांचा 1 बाइट होतो. म्हणून 40 मेगाबिटच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त 5 मेगाबाइट उतरते. कित्येक जण याच कारणाने ऑपरेटरशी विनाकारण भांडतात.

तिसरा प्रश्न: घर कसे आहे? किती मजले, किती भिंती, मध्ये स्लॅब आहे की पत्रा? वायफायच्या लहरी लाकडातून सहज जातात, विटेच्या भिंतीत दमतात, आणि काँक्रीटचा स्लॅब, लोखंडी कपाट, पत्रा यांच्यापुढे फारच कमजोर पडतात.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ

खोक्यावर एन 300, एसी 1200, एएक्स 1500 असे लिहिलेले असते. यातील अक्षरे पिढी सांगतात. एन ही 2009 ची पिढी, तिला आता वायफाय 4 म्हणतात. एसी म्हणजे वायफाय 5 आणि एएक्स म्हणजे वायफाय 6. ही सोपी नावे 2018 मध्ये ठरली, ती ग्राहकाच्या सोयीसाठीच.

अक्षरांपुढचा आकडा हा सगळ्या बँडांची बेरीज असतो. एसी 1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडवर 300 आणि 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर 867, आणि ही बेरीज वर ओढून 1200 केलेली. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणून 1200 कोणाच्याच हाती येत नाहीत. शिवाय फोनमध्ये एकच अँटेना असेल तर 5 च्या बँडवरही त्याची कागदी मर्यादा साधारण 433 ची असते. प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहून बराच कमी. दुकानदार म्हणाला, "सेठ, बाराशेचा स्पीड आहे," तर तो सरासर खोटे बोलत नाही, पण पुरे खरेही सांगत नाही.

अँटेनांची संख्या पाहूनही भुलू नये. चार दांड्या उभ्या असल्या म्हणून लहर चौपट लांब जात नाही. प्रसारणाच्या ताकदीवर सरकारी नियमाची मर्यादा असते आणि ती सर्वांना सारखी आहे.

दोन बँड का हवेत?

2.4 चा बँड लांब जातो आणि भिंत बरी पार करतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे त्याच रस्त्यावर. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. दाट मोहल्ल्यात वीस घरांची वायफाय या तीन गल्ल्यांत कोंबलेली असते. 5 चा बँड रुंद आणि मोकळा आहे, वेग जास्त, पण दोन भिंतींपलीकडे तो थकतो. म्हणून दाट वस्तीत राहणाऱ्याने दोन बँडांचाच राउटर घ्यावा. घर एकटे असेल आणि वापर दोन-तीन फोनांचा असेल तर एका बँडचा एन 300 चालून जातो. मात्र घरी लावलेले स्वस्त वायफाय कॅमेरे पुष्कळदा फक्त 2.4 वरच चालतात, हे ध्यानात ठेवावे.

तारेची जागा आणि तार

राउटरच्या मागच्या पोर्टांकडे फार थोडे ग्राहक पाहतात. स्वस्त राउटरांचे पोर्ट 100 मेगाबिटचे असतात, काहींचे गिगाबिटचे म्हणजे 1000 चे. खोक्यावर 1200 लिहिलेले आणि मागे पोर्ट 100 चे, असे राउटर बाजारात आहेत. योजना 100 च्या आत असेल तर काही बिघडत नाही. 150 किंवा 200 ची योजना असेल तर वरचे पैसे दर महिन्याला पाण्यात जातील. अशांनी गिगाबिट पोर्टच मागावा.

संगणक, टीव्ही आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर जागचे हलत नाहीत. त्यांना तारेने जोडावे. वायफाय मोकळे राहते आणि बिले भरताना लाइन तुटत नाही. कॅट 5-ई ची तार 100 मीटरपर्यंत गिगाबिट नेते. येथे भेसळ असते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याच्या नावाने विकली जाते. टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरी चमक दिसली तर तो मुलामा आहे.

एका घराचा हिशेब

समजा, खाली गाळा, वर दोन खोल्या, सहा फोन, एक संगणक आणि चार कॅमेरे आहेत. एका वेळी तिघे चांगल्या प्रतीचे व्हिडिओ पाहतात: प्रत्येकी 5 धरून 15 मेगाबिट. एका मुलाचा ऑनलाइन वर्ग: 3. जीएसटी आणि ई-वे बिलाचे काम: 1 सुद्धा लागत नाही. कॅमेरे घरच्याच रेकॉर्डरवर साठवत असतील तर इंटरनेट फक्त बाहेरून पाहतानाच खर्च होते. एकूण 20 च्या आसपास. या घराला 50 ची योजना आणि दोन बँडांचा एसी 1200 राउटर पुरून उरतो.

वरच्या खोलीत लहर पोहोचत नसेल तर महाग राउटर हा इलाज नव्हे. खालून वर तार ओढून तेथे दुसरा साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. जुना राउटरही या कामी येतो. तार नेणे शक्यच नसेल तर रिपीटर घ्यावा, पण एकाच बँडचा रिपीटर घेणे-देणे एकाच रस्त्याने करीत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. कपाटात, टीव्हीमागे किंवा जमिनीवर नको. मागांजवळ तर मुळीच नको. कापसाचे तंतू त्याच्या छिद्रांत भरतात आणि तो तापून लवकर मरतो.

खरेदी करताना

दर हलते असतात, तरी साधारणपणे एन 300 हजाराच्या आसपास, एसी 1200 दीड ते अडीच हजारात आणि वायफाय 6 चा सुरुवातीचा राउटर त्याच्या वर मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आपल्या गावच्या दुकानात भाव विचारून मगच घ्यावे. फोन नवे असतील आणि राउटर पाच वर्षे वापरायचा असेल तर वायफाय 6 साठी थोडे जास्त मोजणे वाया जात नाही.

पक्के बिल घ्यावे. वॉरंटी त्याशिवाय चालत नाही. राउटरवर 18 टक्के जीएसटी आहे; धंद्यासाठी घेतला असेल आणि आपण नियमित नोंदणीतले असाल तर बिलावर आपला नंबर टाकून क्रेडिट घेता येते. घरगुती वापराच्या भागावर ते मिळत नाही, आणि कंपोझिशनवाल्यांनाही नाही. अडॅप्टरवर बीआयएसचे चिन्ह व आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

वीज जाते तेथे डीसीचा छोटा यूपीएस उपयोगी पडतो. त्याचा व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरइतकाच हवा. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. 12 व्होल्टच्या जागी 9 किंवा 9 च्या जागी 12 कदापि जोडू नये.

शेवटचे पण सर्वांत जरुरी: कुलूप

जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. ई-मेल कोणी दुसऱ्याने पाठवला, पण पोलीस आधी कनेक्शनच्या मालकाच्या दारी गेले. त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. कनेक्शन ज्याच्या नावाचे, पहिला जाब त्याला. आपल्या मोहल्ल्यांत अशा चौकशीचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून राउटर लावला त्याच दिवशी एवढे करावे:

1. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड, जो बहुधा 'अ‍ॅडमिन' असतो, तो बदलावा.
2. सुरक्षेत डब्ल्यूपीए-3, नसेल तर डब्ल्यूपीए-2 निवडावे. वायफायचा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवावा. फोन नंबर किंवा दुकानाचे नाव ठेवू नये.
3. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी.
4. पाहुणे आणि कारागीर यांच्यासाठी वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे, म्हणजे हिशेबाचा संगणक त्यांच्या फोनांपासून अलग राहतो. याचाही पासवर्ड असावा आणि तो अधूनमधून बदलावा.
5. कंपनी देते ते नवे सॉफ्टवेअर सहा महिन्यांतून एकदा तरी भरावे. जुना राउटर विकत घेतला तर आधी रीसेट करावा. ज्याला कंपनीचे सॉफ्टवेअर येणे बंद झाले तो स्वस्तातही घेऊ नये.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून करून घ्यावे, आणि दोन्ही पासवर्ड वहीत लिहून बिलासोबत ठेवावेत.

दुकानात जाताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: कनेक्शनचा प्रकार, योजनेचा वेग, मजले व भिंती, जोडायच्या वस्तूंची संख्या. ही चिठ्ठी हातात असली म्हणजे दुकानदार आपला माल खपवण्याऐवजी आपल्या गरजेचा माल दाखवील.