जुन्या मापनयंत्रांना नवी धारित्रे

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात तानसेनाची समाधी आहे. बेसूर तंबोऱ्यावर गाणे उभे राहत नाही, हे तेथील श्रोत्यांस सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेतील मापनयंत्रांचेही तसेच आहे. निर्वात नलिकांचा जुना ऑसिलोस्कोप लहरीची आकृती चुकीची दाखवू लागला, तर दोष पुष्कळदा धारित्रांत, म्हणजेच कपॅसिटरमध्ये असतो. ॲल्युमिनियमच्या विद्युत-अपघटनी धारित्रातील द्राव कालांतराने सुकतो व धारकता घटते. कागदी धारित्रांतून विद्युतगळती होते. म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र एकदम सुरू करू नये.

वीजपुरवठा तोडल्यावरही धारित्रांत शेकडो व्होल्टचा प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. जाणकाराच्या देखरेखीखाली तो योग्य रोधकातून उतरवावा व मीटरने खात्री करून घ्यावी. नवे धारित्र तितक्याच मायक्रोफॅरडचे असावे. त्याची व्होल्टमर्यादा मुळाइतकी वा अधिक असावी. विद्युत-अपघटनी धारित्राची धन-ऋण टोके उलटी जोडल्यास ते फुटू शकते. कागदी धारित्राच्या जागी पॉलिएस्टर फिल्मचे धारित्र चालते.

शेवटी ज्ञात संकेत देऊन अंशशोधन अवश्य करावे. माप पारखून घेतले नाही, तर यंत्र केवळ चालू होते; विश्वासार्ह होत नाही.