कार्ड आहे, मग बीपीच्या गोळ्या का नाहीत?

वस्तीत हा प्रश्न नेहमी ऐकू येतो : "योजनेचे कार्ड आहे, मग आईच्या बीपीच्या गोळ्या विकत का आणायच्या?" उत्तर असे, की सरकार ज्या कामाचे पैसे देते, त्या कामाभोवती आरोग्यसेवा उभी राहते.

2012 साली आपल्या राज्यातील 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात प्रत्येक शस्त्रक्रियेचा व उपचाराचा दर ठरलेला असतो. ती रक्कम रुग्णालयाला मिळते, रुग्णाने काही द्यायचे नसते. ज्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी दागिने मोडावे लागत, ती आता गरिबाला मिळू शकते. हा लाभ लहान नाही.

पण पैसे मिळतात ते मुख्यतः रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांचे. रोजच्या गोळीचे आणि महिन्याच्या तपासणीचे मिळत नाहीत. त्यामुळे खाजगी रुग्णालय शस्त्रक्रियेची सोय वाढवते, आजार रोखण्याची नाही. ज्या उपचाराचा दर त्याला परवडत नाही, तो करायला ते नाखूष असते.

आशाताईंचे काम पाहा. 2005 साली ही योजना आली, तेव्हा त्यांना पगार नव्हे तर कामागणिक मोबदला ठरला. प्रसूती आणि लसीकरण ही मोबदल्याची कामे झाली. पुढे 30 वर्षांवरील माणसांची बीपी-साखरेसाठी माहिती भरण्याचाही मोबदला ठरला आणि त्यांच्या कामात तेही आले. एकट्या म्हातारीशी बोलण्यात गेलेला तास मात्र कुठल्याच बिलात बसत नाही.

मग आपण काय करावे?

• बीपी-साखरेच्या गोळ्यांसाठी पालिकेचा दवाखाना किंवा सरकारी आरोग्य केंद्र गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार विनाशुल्क आहेत.
• बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.
• दाखल व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटा. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचे पैसे कोणी मागितले तर 155388 या क्रमांकावर तक्रार करा.
• दवाखान्यात गोळ्या संपल्या असतील तर गप्प परतू नका. तारीख टाकून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विहारातल्या बैठकीत असे अर्ज एकत्र करून नगरसेवकाकडे न्या.

बीपी अंगावर काढलेला माणूस लकव्याने कोसळला, की कार्ड उपयोगी पडते. पण गेलेला हात कार्डाने परत येईलच असे नाही. म्हणून वस्तीने शस्त्रक्रियेच्या कार्डाइतकाच दवाखान्यातल्या गोळीचाही हक्क मागितला पाहिजे.